वाचकांचे प्रश्न : ओला पडदा, चुकलेला क्रम आणि पहिलं मुद्रण

मागच्या अंकात आजच्या रहस्यकथा आणि त्यांचे लेखक यांबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्यांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. अनेक पुस्तकांची नावं येतील, पण शेवट एकाचाही फोडलेला नाही. निर्धास्त वाचा.

प्रश्न : नॉर्वेचे लेखक जो नेस्बो यांच्या हॅरी होल मालिकेतलं एक पुस्तक मधूनच हाती लागलं आणि फार आवडलं. आता पहिल्या पुस्तकापासून वाचू, की मिळेल ते वाचत जाऊ?

उत्तर : या मालिकेपुरतं सांगायचं तर क्रमाने वाचा. मात्र क्रम मूळ नॉर्वेजियन प्रकाशनाचा धरा, इंग्रजी अनुवादांचा नव्हे. घोळ नेमका इथेच झाला आहे. ऑस्लोचा पोलीस अधिकारी हॅरी होल पहिल्यांदा आला १९९७ साली, ‘द बॅट’मध्ये. पण इंग्रजीत आधी पोचलं ते मालिकेतलं पाचवं पुस्तक ‘द डेव्हिल्स स्टार’, २००५ मध्ये. मग २००६ ला तिसरं ‘द रेडब्रेस्ट’ आणि २००८ ला चौथं ‘नेमेसिस’ आलं. पहिलं पुस्तक इंग्रजी वाचकांना मिळायला २०१२ उजाडलं. तिसऱ्या पुस्तकात एक मोठा हिशेब उघडा राहतो, चौथ्यात तो आतून धुमसत असतो आणि पाचव्यात मिटतो. ज्यांनी पाचवं आधी वाचलं त्यांना हिशेब मिटताना दिसला, पण तो मांडला कधी हेच ठाऊक नव्हतं. ही तीन पुस्तकं तरी सलग वाचाच. पहिली दोन नंतर वाचली तर फारसं बिघडत नाही.

याहून मोठा अपघात फ्रेंच लेखक पियेर लमेत्र यांच्या कमिय व्हेरव्हन मालिकेत होतो. मालिकेतलं पहिलं पुस्तक फ्रेंचमध्ये २००६ चं आणि दुसरं, ‘अलेक्स’, २०११ चं. इंग्रजीत मात्र ‘अलेक्स’ २०१३ मध्ये आलं आणि पहिलं त्यानंतर वर्षभराने, ‘आयरीन’ या नावाने. ‘अलेक्स’च्या सुरुवातीच्या पानांतच नायकाच्या आयुष्यातली जी गोष्ट सहज बोलून जातात, तीच पहिल्या पुस्तकाचा जीव आहे. एकदा कळली की परत ‘न कळलेली’ करता येत नाही. म्हणून आधी ‘आयरीन’, मग ‘अलेक्स’. यात तडजोड नको.

सगळ्या मालिका इतक्या कडक नसतात. टाना फ्रेंच यांच्या डब्लिनच्या खूनपथकाच्या सहा कादंबऱ्यांत दर वेळी निवेदक बदलतो. एका पुस्तकात कडेला उभं असलेलं माणूस पुढच्या एखाद्या पुस्तकात गोष्ट सांगायला लागतं. पहिली दोन क्रमाने घ्या, पुढची मागेपुढे झाली तरी चालतील. इयन रँकिन यांच्या रीबस या पोलीस अधिकाऱ्याचं वेगळं आहे. १९८७ पासून तो पुस्तकागणिक खऱ्या वर्षांच्या चालीने म्हातारा होत जातो. २००७ च्या पुस्तकात तो साठीचा होऊन निवृत्त होतो आणि २०१२ मध्ये परत येतो. इथे गुन्हे कोणत्याही क्रमाने वाचता येतील, पण माणूस कळायचा असेल तर क्रम हवा.

कोणतीही मालिका उचलण्यापूर्वी इतकंच करा. पुस्तकाच्या श्रेयपानावर, म्हणजे मुखपृष्ठानंतर दुसऱ्या-तिसऱ्या पानाच्या पाठीमागे, मूळ भाषेतलं शीर्षक आणि मूळ प्रकाशनाचं वर्ष छापलेलं असतं. ती वर्षं एका कागदावर उतरवा. ‘याच लेखकाची इतर पुस्तकं’ या यादीवर विसंबू नका. ती पुष्कळदा अनुवादांच्या क्रमाने असते, कधी नवं पुस्तक वर असतं, कधी जुनं.

प्रश्न : मला खुनी जवळजवळ प्रत्येक वेळी ओळखता येतो, त्यामुळे मजा कमी होऊ लागली आहे. उलट माझ्या बहिणीला एकदाही ओळखता येत नाही. आम्हा दोघींचं नेमकं काय चुकतंय?

उत्तर : चुकत कुणाचंच नाही, पण तुम्ही दोघी वेगवेगळं वाचता आहात. तुम्ही बहुधा कथेची रचना वाचता. ‘या शेजाऱ्याला काही काम नाही, तरी लेखक त्याला चार प्रकरणांत आणतोय, म्हणजे तोच’ असा हा हिशेब असतो. तो बरोबर येतोही, पण त्याला उलगडा म्हणता येणार नाही. स्वतःची एक परीक्षा घेऊन पाहा. पुस्तक तीन चतुर्थांश झालं की थांबा, संशयिताचं नाव लिहा आणि त्याच्यापुढे तीन पानांचे क्रमांक लिहा, ज्या पानांवर त्याच्याविरुद्ध काही ठोस आहे. नाव बरोबर आणि पानं रिकामी असतील, तर रहस्य अजून तुमच्यासाठी शिल्लक आहे. या कसोटीवर वाचायला लागलात की गेलेली मजा परत येते.

बहिणीसाठी दुवा कसा लपवतात ते जवळून पाहू. समजा, दहाव्या पानावर असं एक वाक्य आहे : ‘पाऊस नऊच्या सुमारास थांबला, आणि जेवणं आटोपून सगळे बाहेरच्या ओसरीवर आले.’ पुढे सत्तराव्या पानावर हा उतारा येतो :

‘मेजावर दोन कप होते, एकातला चहा अर्धा उरलेला. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे. खिडकी सताड उघडी, पडदा खालच्या बाजूला ओला, आणि कपाटाची किल्ली कुलपालाच लटकलेली. ती किल्ली पाहताच पुतण्याचा चेहरा पांढरा पडला.’

आणि एकशेचाळिसाव्या पानावर पुतण्या सांगतो, ‘खोलीत फार कोंदलं होतं म्हणून दहा वाजता मीच ती खिडकी उघडली. तोवर ती घट्ट बंद होती.’

पाऊस नऊला थांबला. खिडकी दहाला उघडली. मग पडदा भिजला कधी? खिडकी नऊच्या आधीच उघडी होती, म्हणजे पुतण्या एक तर खोटं बोलतोय किंवा कुणाला तरी वाचवतोय.

लेखकाने इथे चार गोष्टी केल्या. ओला पडदा यादीच्या मधोमध ठेवला, कारण यादीतलं पहिलं आणि शेवटचं आपल्या लक्षात राहतं, मधलं निसटतं. त्याच्यामागोमाग किल्ली आणि पांढरा चेहरा आणून आपलं लक्ष पळवलं. दुव्याचे तुकडे एकमेकांपासून साठसत्तर पानं दूर ठेवले. आणि पावसाचं वाक्य वातावरणनिर्मिती वाटेल अशा बेताने, पुराव्याचा वासही येऊ न देता लिहिलं. हवामान, प्रकाश, कुत्र्याचं भुंकणं, दिवा चालू की बंद असं ‘वर्णन’ म्हणून जे आपण घाईने ओलांडतो, तिथे थोडं थांबा. चांगला लेखक अशी जागा वाया घालवत नाही.

बहिणीला एक पोस्टकार्डाएवढा जाड कागद खूण म्हणून पुस्तकात ठेवायला सांगा. त्यावर तीनच रकाने आखायचे : कोण म्हणालं, कोणती वेळ सांगितली, आणि ते दुसऱ्या कुणी पाहिलं का. पुढे पानाचा क्रमांक. स्वतःची मतं त्यात लिहायची नाहीत, कारण एकदा ‘हा संशयास्पद’ असं लिहिलं की पुढचं सगळं आपण त्याच चष्म्यातून वाचतो. तिसरा रकाना रिकामा राहिलेल्या ओळी शेवटी पाहाव्यात. बहुतेक पाणी तिथेच मुरत असतं.

वाचकाशी प्रामाणिक राहण्याचा हा करार जुना आहे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये त्याचे दहा नियम मांडले होते. गुन्हेगार कथेत लवकर आला पाहिजे आणि हेराला सापडलेला दुवा वाचकापुढेही ठेवला पाहिजे, हे त्यांतले दोन. आज हा करार सर्वांत निष्ठेने पाळतात ते जपानी लेखक. युकितो अयात्सुजी यांच्या १९८७ च्या पहिल्या कादंबरीपासून तिथे ही धारा नव्याने वाहू लागली. काही जपानी पुस्तकांत तर लेखक मध्येच थांबून वाचकाला सांगतो : लागतील ते सगळे दुवे तुमच्या हाती आले आहेत, आता उत्तर शोधा. असं पान समोर आलं की पुस्तक मिटून एक रात्र जाऊ द्या. घाई केलीत तर स्वतःचंच नुकसान कराल.

प्रश्न : खुनी पहिल्याच प्रकरणात कळला तर पुढे वाचण्यासारखं उरतं काय?

उत्तर : ‘कोणी’च्या जागी ‘कसं सापडणार’ हा प्रश्न उरतो, आणि तो कमी नाही. केइगो हिगाशिनो यांची २००५ ची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ वाचा. खून कोणाच्या हातून झाला हे सुरुवातीलाच डोळ्यांसमोर घडतं, तरीही लेखकाने एक गोष्ट आपल्यापासून झाकून ठेवलेली असते आणि ती कुठे झाकली हे शेवटपर्यंत लक्षात येत नाही. वाचून झाल्यावर पहिली पन्नास पानं पुन्हा वाचा. एकही वाक्य खोटं निघत नाही. या पुस्तकाची खरी कारागिरी या दुसऱ्या वाचनात दिसते.

प्रश्न : रहस्य आवडतं, पण रक्तपात आणि छळाची वर्णनं सोसत नाहीत. पुस्तक घेण्यापूर्वी कसं ओळखावं?

उत्तर : मलपृष्ठावरच्या शब्दांनी निम्मं काम होतं. ‘थरकाप’, ‘सिरियल किलर’, ‘अंधारं’, ‘अस्वस्थ करणारं’ असे शब्द दिसले तर वर्णनं उघडीवाघडी असण्याची शक्यता जास्त. ‘कोझी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात प्रेत असतं, पण हिंसा पडद्याआड होते. रिचर्ड ऑस्मन यांची २०२० पासूनची मालिका या बाजूची आहे. निवृत्तांच्या वसाहतीतली चार माणसं तपास करतात आणि पुस्तकाचा खरा विषय म्हातारपण आणि मैत्री हा आहे.

मलपृष्ठ फसवतंही, म्हणून पहिलं प्रेत सापडतं ते पान उघडून वाचा. प्रेत कोणाच्या नजरेतून दिसतं ते पाहा. ज्याला ते सापडलं त्याला बसलेला धक्का लिहिला असेल तर पुढेही लेखक संयम ठेवतो, असा आमचा अनुभव. जखमांची मोजदाद असेल तर पुढे ती वाढतच जाते. खुन्याच्या मनातली, तिरप्या अक्षरांत छापलेली छोटी प्रकरणं मधूनमधून दिसली, तर तुमच्यासाठी ते पुस्तक नव्हे.

सौम्य म्हणजे हलकंफुलकंच असं समजू नका. डॉना लिऑन यांच्या व्हेनिसमधल्या पोलीस अधिकारी ब्रुनेत्तीच्या मालिकेत, जी १९९२ साली सुरू झाली, रक्त फार कमी आहे. पण गुन्हेगार कळूनही त्याला शिक्षा होईलच याची शाश्वती नसते, आणि ती अस्वस्थता चाकूपेक्षा खोल जाते. ही पुस्तकं लिऑन यांच्याच इच्छेमुळे इटालियनमध्ये अनुवादित झालेली नाहीत.

प्रश्न : कादंबरीतला डॉक्टर प्रेत पाहताक्षणी ‘मृत्यू अकरा ते साडेअकराच्या दरम्यान’ असं सांगतो. इतकं नेमकं खरोखर सांगता येतं?

उत्तर : नाही. नुसत्या प्रेतावरून अर्ध्या तासाइतकी नेमकी वेळ देणारा डॉक्टर दिसला की लेखकाने अभ्यास टाळला आहे असं समजा.

प्रत्यक्षात तीन गोष्टी पाहतात. शरीर निवतं, ढोबळमानाने तासाला एक अंश सेल्सियस, पण सुरुवातीचा काही वेळ तापमान जवळजवळ हलतच नाही. पुढचा वेगही अंगावरचे कपडे, वजन, वारा, खालची फरशी यांवर ठरतो. हे सगळं धरून आकडेमोड करण्याची हेन्सगे यांची जी पद्धत न्यायवैद्यकात वापरतात, तिच्यातही उत्तम परिस्थितीत २.८ तास अलीकडे-पलीकडे धरावे लागतात. दुसरा ताठरपणा. तो साधारण दोन ते चार तासांत पापण्या, जबडा, मान इथून जाणवू लागतो, बाराएक तासांत सर्वांगात भरतो आणि मग ओसरतो. उकाड्यात हे सगळं लवकर होतं, थंडीत लांबतं. तिसरी गोष्ट कथेसाठी सर्वांत उपयोगी : रक्त शरीराच्या खालच्या बाजूला साचून त्वचेवर जांभळट डाग उमटतात आणि आठ ते बारा तासांत ते पक्के होतात. प्रेत पालथं सापडलं आणि पक्के डाग पाठीवर असले, तर ते आधी बराच वेळ उताणं होतं आणि नंतर कुणीतरी हलवलं. ही एक ओळ किती कथानकं पेलू शकते पाहा.

म्हणून जाणकार लेखकाचा डॉक्टर ‘रात्री आठ ते दोन, याहून जास्त मला विचारू नका’ असं म्हणतो. मग तपासाधिकारी शेवटचा फोन, पोटातलं अन्न, दारातलं वर्तमानपत्र यांवरून ती वेळ आवळत नेतो. गोष्टही त्यामुळे जास्त रंगते.

याच जातीच्या आणखी दोन चुका ध्यानात ठेवा. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावताच माणूस कोसळत नाही, त्याला काही मिनिटं लागतात. आणि सायलेन्सर लावलेली बंदूक ‘फुस्स’ करत नाही. गोळीचा आवाज १४० ते १७० डेसिबलच्या घरात असतो. सायलेन्सर त्यातले साधारण २० ते ३५ डेसिबल कमी करतो. उरलेला आवाज शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला पुरेसा असतो.

प्रश्न : आइसलँड, जपान इथल्या कादंबऱ्यांत नावांचा गोंधळ होतो आणि पन्नास पानांतच पुस्तक सुटतं. काही उपाय?

उत्तर : नावांची पद्धत कळली की निम्मा गुंता सुटतो. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतं, वडिलांच्या (कधी आईच्या) नावाला ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ जोडतात. अर्नाल्दुर इंद्रिदासन म्हणजे इंद्रिदीचा मुलगा अर्नाल्दुर. त्यामुळे तिथे पंतप्रधानांनाही पहिल्या नावानेच हाक मारतात आणि पोलीस संशयिताला पहिल्या नावाने बोलावतो यात सलगीही नसते, अपमानही नसतो. जपानीत आडनाव आधी येतं, पण इंग्रजी अनुवादांत ते बऱ्याचदा उलटवलेलं असतं. पहिल्या दहा पानांत कोणता क्रम पाळलाय ते पाहून घ्या. पुस्तकात पात्रांची यादी नसेल तर स्वतः करा, पण नावापुढे नातं न लिहिता काम लिहा : ‘दुकान चालवते’, ‘गणित शिकवतो’. नाती पुढे बदलतात, कधी खोटीही ठरतात.

आणखी एक नुकसान आपल्याला चटकन कळेल. फ्रेंचमध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत. चौकशीत अधिकारी ‘तुम्ही’वरून ‘तू’वर उतरतो, तो क्षण चपराकीसारखा असतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’. चांगला अनुवादक ही घसरण शब्दांच्या निवडीतून, वाक्य तोडून दाखवतो. म्हणून लेखकाइतकंच अनुवादकाचं नाव लक्षात ठेवा. इंटरनॅशनल डॅगर या नावाने सुरू झालेला ब्रिटनमधला अनुवादित रहस्यकथांचा पुरस्कार २००६ पासून दिला जातो. फ्रेंच लेखिका फ्रेड व्हर्गास यांना तो चारदा मिळाला आणि चारही वेळा अनुवाद शान रेनल्ड्स यांचा होता. हा योगायोग नाही, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

प्रश्न : पुरस्कार पाहून पुस्तक निवडावं का?

उत्तर : पुरस्कार कोण देतं हे पाहून निवडावं. अमेरिकेतला एडगर लेखकांच्या संस्थेचा आहे, त्यामुळे तिथे कारागिरीला वजन मिळतं. अँथनी पुरस्कारासाठी बाउचरकॉन या संमेलनाला येणारे वाचक आणि लेखक मत देतात, तिथे लोकप्रियता दिसते. ‘ग्लास की’ फक्त नॉर्डिक देशांतल्या कादंबऱ्यांसाठी आहे. १९९२ मध्ये पहिला मान हेनिंग मँकेल यांना मिळाला. आमचा सल्ला असा की विजेत्यापेक्षा पदार्पणाच्या गटातली अंतिम यादी पाहा. नवे लेखक सर्वांत आधी तिथे सापडतात.

प्रश्न : आवडत्या लेखकाची पहिली आवृत्ती, सहीसह, जमवायची आहे. काय तपासावं?

उत्तर : श्रेयपानावर अंकांची एक ओळ असते, १० ते १. कधी सरळ उतरती, कधी दोन्ही टोकांकडून सरमिसळ. त्यातला सर्वांत लहान अंक म्हणजे त्या प्रतीचं मुद्रण. १ दिसला तर पहिलं मुद्रण, ओळ ३ पासून सुरू होत असेल तर तिसरं. ‘पहिली आवृत्ती’ हे शब्द दुसऱ्या-तिसऱ्या मुद्रणातही तसेच राहून जातात, म्हणून शब्दांपेक्षा अंक पाहा. बाह्य वेष्टणाच्या आतल्या दुमडीवर किंमत छापलेली असावी. कोपरा कापलेला असेल तर मोल घटतं, आणि किंमत मुळातच नसेल तर ती बुक क्लबची, म्हणजे सभासदांसाठी वेगळी छापलेली, प्रत असू शकते.

सही शीर्षकपानावर घ्या. संग्राहक नुसत्या सहीला ‘अमुकला सप्रेम’पेक्षा जास्त मोल देतात. पण प्रत विकायची नसेल तर नावासह घ्या, त्यातला आनंद मोठा आहे. जेल पेनची शाई गुळगुळीत कागदावर पसरते, म्हणून बारीक टोकाचं पिगमेंट शाईचं पेन सोबत न्या आणि सहीनंतर पान मिनिटभर उघडंच धरा. वेष्टणाला पॉलिस्टरचं पारदर्शक आवरण घाला. पीव्हीसी नको, ते कालांतराने चिकट होऊन छपाई ओढून घेतं. उन्हात पुस्तकांचे लाल आणि नारिंगी कणे, म्हणजे कपाटात दिसणाऱ्या पाठी, सर्वांत आधी फिके पडतात. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली तर उत्तम.

प्रश्न : लेखकाला पत्र लिहायचं आहे. पुढच्या पुस्तकासाठी एक कल्पनाही सुचली आहे, ती कळवू का?

उत्तर : पत्र जरूर लिहा, कल्पना कळवू नका. पुढे योगायोगाने तसंच काही पुस्तकात आलं तर हक्काचा वाद उभा राहू शकतो, म्हणून अनेक लेखक अशी पत्रं अर्ध्यातच बाजूला ठेवतात. एका पानात लिहा, प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवा आणि ‘तुमची सगळी पुस्तकं आवडतात’ असं न लिहिता कोणत्या पुस्तकातलं कोणतं वाक्य तुम्हाला दुसऱ्या वाचनात उमगलं ते लिहा, पानाच्या क्रमांकासह. ते वाक्य लपवायला लेखकाला कदाचित महिनाभर लागला असेल.